शेवटची लादी

काडीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, आणि ते तिथेच राहिलं. नर्सने तिला पहिल्यांदा बाबांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि म्हणाले, ही तर नुसती काडी आहे. झालं. पुढे ही मुलगी अर्धं जग हिंडली, मोठमोठ्या थिएटरांच्या कार्यक्रमपत्रिकांत छापून आली (सगळ्यात खाली, इतक्या बारीक अक्षरांत की चष्मेवाल्यांनीही नाद सोडावा), पण घरी ती काडी ती काडीच.

बाबा लाद्या बसवायचे. लाद्या बसवणारे तसे पैशाला पासरी मिळतात, पण बाबांना सरळ ओळीचं वेड होतं. दोरी ताणायची, एक डोळा मिटून तिच्याकडे बघायचं, केसभर ढळलेली दिसली की पुन्हा ताणायची. घरमालकांच्या नाकी नऊ यायचे. अहो मिस्त्री, यावर आम्हाला चालायचंय, गोट्या नाही खेळायच्या, असं कुणी म्हणालं तरी बाबा हूं की चूं करत नसत. आई हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत दिवसपाळीला जायची, त्यामुळे शाळेत जायच्या वयाआधीची काडी म्हणजे बाबांचं शेपूट. जिथे ते, तिथे ती. थापीला हात लावायचा नाही आणि दोरीवरून उडी तर मुळीच मारायची नाही, एवढ्या दोन अटींवर तिला कामावर नेत.

पण काम संपलं की एक खेळ असायचा, आणि तो फक्त या दोघांचा. इतर मिस्त्री उलटे सरकत सरकत दारापाशी येतात आणि तिथे काम संपवतात. बाबा मात्र मध्येच कुठेतरी एक जागा मुद्दाम रिकामी सोडायचे आणि मग फळी टाकून, तिच्यावर पालथे पडून, ती एक लादी सगळ्यांत शेवटी बसवायचे. फरशी वाळली, धुऊन लख्ख झाली की काडीला दारात उभी करायचे आणि म्हणायचे, शोध बघू, शेवटची कुठली? काडी लगेच हातापायांवर. तळहात फिरवायची, गाल जमिनीला टेकवून उजेड कुठे अडतो ते बघायची. सापडली, तर बाबा शब्द न बोलता ती लादी उचलायचे आणि नव्याने बसवायचे, मालक डोक्याला हात लावून बसला तरी. नाही सापडली, तर दोन्ही हात पसरून "सापडली नाही" म्हणायचे आणि असे काही हसायचे की रिकामं घर घुमायचं. मग काडी त्यांच्या खांद्यावर. त्या खांद्यासाठी ती कधीही मुद्दाम हरली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. हरली असती तर बाबांनी ओळखलंही असतं.

एकदा बाबांना एका नाचाच्या शाळेच्या व्हरांड्याचं काम मिळालं. आत बॅले शिकवायचे. भिंतीच्या लाकडी दांड्याला धरून पोरी ओळीने उभ्या, कोपऱ्यात कुणी पियानो बडवतंय आणि शाळेच्या बाई मान ताठ ठेवून येरझाऱ्या घालताहेत. काडी दाराच्या फटीला चिकटलेली. तिने बरीच कळ काढली, पण एका सकाळी अगदीच राहवेना तेव्हा आत डोकं घालून म्हणाली, ती निळ्या मोज्यांची बाहेर आलीय. बाई आधी चिडल्या, मग वळून बघितलं. निळ्या मोज्यांची खरंच बोटभर पुढे आली होती. आता आली आहेस तर उभी राहा तिच्या मागे, बाई म्हणाल्या, बघू तुला जमतं का. काडी अशी उभी राहिली, जणू बाबांनीच दोरी लावून बसवली. व्हरांड्याचं काम यथावकाश संपलं, बाबांनी थाप्या धुतल्या, पिशवी भरली, पण काडी काही तिथून हलायला तयार होईना.

आईने नाक मुरडलं. नाच शिकून पोर काय करणार, ही तिची चिंता, आणि ती काही वेडगळ चिंता नव्हती. बाबा एवढंच म्हणाले, की करायचं तर सरळ कर.

पुढची वर्षं घामाची. पायांच्या बोटांची जी दशा झाली ती इथे सांगत नाही, कुणी जेवता जेवता वाचत असेल. गावच्या शाळेतून मोठ्या शाळेत, तिथून परदेशातल्या एका नामांकित कंपनीत ती दाखल झाली, आणि तिथे तिला जागा मिळाली शेवटच्या ओळीत, अगदी टोकाला. इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. बॅलेवाली म्हटलं की लोक लगेच विचारतात, मग मुख्य नाच कधी केला? कधीच नाही केला. मागितलाही नाही. लोकांना वाटतं मागच्या ओळीचं टोक म्हणजे उरलीसुरली जागा. कुठलं काय! सगळी ओळ टोकावरून धरली जाते. टोकाची ढळली की तिच्या शेजारची ढळते, तिच्यावर नजर ठेवणारी पलीकडची ढळते, आणि समोरून बघणाऱ्याला कळत नाही नक्की काय झालं, पण काहीतरी विस्कटल्यासारखं वाटत राहतं. काडी डोळे सरळ समोर ठेवून खांद्याच्या कडेने ओळ पकडायची. मनात बाबांची दोरी ताणलेली असायची.

कंपनीचा सगळ्यात गाजलेला नाच होता धुक्याचा. डोंगरात वाट चुकलेला एक मेंढपाळ आणि त्याच्याभोवती पांढऱ्या कपड्यांतलं, हळूहळू सरकणारं धुकं. काडी त्या धुक्यात. आईने शेजारणीला मोठ्या कौतुकाने सांगितलं, आमची मुलगी परदेशात धुकं आहे. शेजारीण बिचारी दोन दिवस विचार करत होती, की ही नोकरी नेमकी असते तरी कसली.

या धुक्याला बघायला आईबाबा पहिल्या वर्षी आले. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, बाबांच्या अंगात लग्नातला कोट. जागा वरच्या सज्जात होत्या. काडीने पडद्याच्या फटीतून वर बघितलं. तिथून आपण दिसणार कशा? सगळ्या सारख्या पांढऱ्या, सगळ्यांचे केस सारखे चापून बांधलेले. एवढ्या लांबून आलेले आईबाप आपल्याला न ओळखताच परत गेले तर? नको त्या वेळी नको ते सुचतं, तसं झालं. नाचाच्या शेवटी सगळ्या स्तब्ध उभ्या राहतात तेव्हा काडीने अर्धं पाऊल पुढे टाकलं आणि हनुवटी सज्जाकडे किंचित उचलली. अर्धंच पाऊल. पण टोकाचं.

खेळ संपल्यावर मागच्या दारापाशी आई तिला येऊन बिलगली. भोवती हातमोजे घातलेली, अत्तर लावलेली माणसं उभी होती. काडीला दम निघेना. "बाबा, सापडले का मी?"

"सापडलीस," बाबा म्हणाले. "लगेच सापडलीस." आणि खाली मान घालून स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

तोंडात मारल्यासारखं झालं काडीला. सापडलेल्या लादीचं बाबा काय करतात ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या तालीमबाईंनी, म्हणजे सगळ्या ओळी घोटून घेणाऱ्या बाईंनी, काडीला न रागावता, न ओरडता ओळीतून बाहेर काढलं आणि तो अख्खा हंगाम विंगेत उभं राहून बघायला लावलं. लादी उचलली गेली होती. काडीने कानाला खडा लावला. बाबांना पुन्हा बोलवीन तर ते आपल्याला शोधून थकतील तेव्हाच, नाहीतर नाही.

आता हे ठरवणं सोपं, पण माणसाला न बोलावता कळणार कसं की तो थकेल का नाही? वर्षं गेली. ओळीत परत घेतली गेली, टोकाला परत उभी राहिली. कधी दौरा असायचा, कधी बाबांची पाठ धरलेली असायची, कधी आईचं गुडघ्याचं ऑपरेशन. निमित्तं काय, मागाल तेवढी मिळतात. वर्षातून एकदा काडी घरी जायची, आठ-दहा दिवस राहायची, बापलेक फरशांपासून हवामानापर्यंत सगळ्यावर बोलायचे, फक्त नाचाचा विषय निघाला की बाबा पाणी प्यायला उठायचे.

बाकी काडीचं चांगलं चाललं होतं, उगाच दुःखी चित्र काढायला नको. किती देश पाहिले म्हणून कुणी विचारलं तर ती म्हणायची, देश नाही पाहिले, फळ्या पाहिल्या. कुठल्या शहरातलं स्टेज पुढे उतरतं आहे, कुठे डावीकडची फळी कुरकुरते, नवे बूट मऊ करायला आपटायचे तर कुठल्या थिएटरचा दगडी जिना चांगला, हे तिला तोंडपाठ. त्या बुटांच्या फिती ती स्वतःच शिवायची, विमानात, स्टेशनवर, दवाखान्याच्या रांगेतसुद्धा. वाद्यवृंदातल्या बासरीवाल्याशी तिने लग्न केलं. तो स्टेजच्या पुढच्या खड्ड्यात बसायचा, पाठ स्टेजकडे, तोंड कागदाकडे. रोज संध्याकाळी बायकोच्या नाचाला वाजवायचा आणि एवढ्या वर्षांत त्याने तिचा नाच एकदाही पाहिला नव्हता. पावलांच्या आवाजावरून ओळखतो म्हणायचा. सगळ्या सांगतात की मुद्दाम आवाज न करता नाचायचं असतं, मग हा ओळखायचा काय देव जाणे, पण काडीला ते आवडायचं.

चाळिशी आली आणि कंबर बोलायला लागली. सकाळी बिछान्यातून उठायला तिला आता धुक्यापेक्षा जास्त तालीम लागायची. काडीने आपण होऊनच सांगितलं की हा हंगाम शेवटचा. पुढल्या वर्षापासून तिने नव्या मुलींच्या ओळी घोटून घ्यायच्या असं तालीमबाईंनी कधीच ठरवून टाकलं होतं, त्यामुळे रडारड वगैरे काही झाली नाही. शेवटचा खेळ दुपारचा होता, धुक्याचाच.

तिने घरी फोन लावला. दोघंही या, म्हणाली. पलीकडे आईने दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाली, "त्यांना विचारते. पण तुला चालेल ना ग?"

"चालेल ना म्हणजे?"

"त्यांना वाटतं तुला लाज वाटते. त्यांच्या हातांची. तेव्हा तिथे सगळे हातमोजेवाले, आणि ह्यांचे हात सिमेंटने भेगाळलेले. म्हणून परत बोलावलं नाहीस असं समजून बसलेत. कितीदा सांगितलं, पण ऐकतील तर शपथ."

काडीने फोन दुसऱ्या कानाला लावला. म्हणजे तेव्हा बाबा हातांकडे बघत होते ते त्यासाठी. ती आपल्या अर्ध्या पावलाची लाज धरून बसली आणि ते आपल्या हातांची, आणि दोघांनी मिळून एवढी वर्षं मातीत घातली. तिला रडू आलं आणि रागही आला, स्वतःचाच जास्त. असल्या बापलेकीला कुणीतरी समोरासमोर बसवून चांगलं झापायला हवं होतं, आणि आईने ते का केलं नाही हा प्रश्नच आहे. काडीने आईला सगळं सांगितलं, अर्ध्या पावलासकट. आई म्हणाली की हे तू त्यांनाच सांग, मी काही निरोप्या नाही. मात्र ते येतील याची हमी तिने दिली. शिवाय बाबांच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू नुकताच काढला होता, आणि तेव्हापासून घरातल्या कोपऱ्याकोपऱ्यातली धूळ त्यांना दिसायला लागली होती. आईला ते ऑपरेशन फारच महागात पडलं होतं.

आता त्या कंपनीची एक जुनी रीत होती. मागच्या ओळीतली बाई निवृत्त होते त्या दिवशी, शेवटच्या स्तब्ध क्षणी, तिने एक पाऊल पुढे यायचं. आयुष्यभर जे करायचं नाही ते एकदा करायचं. वाद्यवृंद शेवटचा सूर तेवढ्यापुरता लांबवतो, लोकांना कळतं, टाळ्यांचा कडकडाट होतो, पडदा पडतो. मागच्या ओळीतल्या पोरी या एका पावलासाठी वर्षानुवर्षं झुरतात. आणि धुक्याच्या नाचात तो शेवटचा सूर असतो बासरीचा. नवरा आठवडाभर श्वासाचा सराव करत होता. न्हाणीघरातून नुसती एकच लांबलचक शीळ ऐकू यायची.

खेळ सुरू झाला. आईबाबा वरच्या सज्जात, त्याच बाजूला. मेंढपाळ वाट चुकला, धुकं उतरलं, सरकलं, दाटलं, विरलं. पुढच्या ओळीतल्या मधल्या मुलीच्या बुटाची फीत सुटली आणि तिने ती टाचेखाली दाबून निभावून नेली. काडीने खांद्याच्या कडेने ओळ पकडली होती आणि मनात एकच विचार. पाऊल टाकायचं का? आज सगळ्यांची परवानगी आहे. टाकलं तर बाबांना दिसेल, लोक टाळ्या वाजवतील, आईच्या डोळ्यांना धारा लागतील. टाकलं तर आपण सापडू.

शेवटचा क्षण आला. सगळ्या स्तब्ध. बासरीचा सूर निघाला आणि लांबला. शेजारची मुलगी कुजबुजली, जा ना. सूर आणखी लांबला. खाली खड्ड्यात, पाठ स्टेजकडे करून, तिचा नवरा पाऊल वाजायची वाट बघत होता आणि लालबुंद झाला होता. काडी हलली नाही. हनुवटी जिथल्या तिथे, खांदे जिथल्या तिथे. सूर थरथरला, बारीक झाला आणि संपला, आणि पडदा पडला. विंगेत तालीमबाई उभ्या होत्या. त्यांनी काडीकडे बघितलं आणि तिच्या गालावर हात ठेवला.

मागच्या दाराबाहेर स्वच्छ ऊन होतं, आणि तशीच हातमोजेवाली गर्दी. आई भिंतीपाशी उभी, आणि बाजूला बाबा, तोच कोट, आता खांद्यांवर सैल झालेला, दोन्ही हात खिशांत खुपसलेले. काडी समोर जाऊन उभी राहिली. या वेळी तिने काही विचारलं नाही. जीव टांगणीला लागलेला, पण विचारलं नाही.

"अहो, बोला की," आई म्हणाली.

बाबांनी घसा साफ केला. "सापडली नाहीस."

काडीने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग वाटलं, डोळे. नवे असले तरी म्हाताऱ्याचेच डोळे, आणि सज्जा केवढा लांब. "दिसत नव्हतं का नीट?" तिने अगदी हळू विचारलं.

बाबांना तो अपमान वाटला. दिसत नव्हतं म्हणजे काय? पुढच्या ओळीत मधल्या पोरीची फीत सुटली, उजव्या पायाची, ती तिने टाचेखाली दाबली, ते दिसलं. वाजवणाऱ्यांच्या पुढाऱ्याच्या कोटाला मागे सुरकुती आहे, इस्त्री नीट फिरलेली नाही, तेही दिसलं, हवं तर आईला विचार. "मागची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली मी. परत उलटी बघितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच करत होतो, तो मेंढपाळ मेला का जगला तेही ठाऊक नाही मला. नाही सापडलीस."

आणि मग त्यांनी खिशातून हात बाहेर काढले. भेगाळलेले, बोटं वाकलेली, तेच हात. सगळ्या हातमोजेवाल्यांच्या देखत ते दोन्ही बाजूंना पसरले आणि हसले, तसेच, रिकामं घर घुमावं तसे. दारावरचा रखवालदार दचकून बाहेर आला.

खांद्यावर बसायचे दिवस गेले होते, दोघांच्याही पाठी आता तशा राहिल्या नव्हत्या. काडीने त्या खांद्यावर डोकं टेकलं आणि भरपूर रडून घेतलं. तेवढ्यात बासरीवाला पेटी काखेत मारून धापा टाकत आला आणि ना सासऱ्यांना रामराम, ना काही, पहिलं हेच विचारू लागला की पाऊल गेलं कुठे, त्याचा जीव जाता जाता राहिला होता.

"टाकलंच नाही," काडी म्हणाली, आणि डोकं तिथेच ठेवलं.